साच्यातील काँक्रीट आणि सळईची जागा

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टर तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर परिसरात असल्याचे सांगण्यात आले. १० जुलै २०२४ रोजी जिल्ह्यात पुन्हा तेवढ्याच तीव्रतेची नोंद झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आठवण असलेल्या मराठवाड्यात अशा वेळी बांधकामाच्या मजबुतीची चर्चा होते. मात्र ती बहुधा सिमेंट-वाळूपाशीच थांबते. सळई किती घातली हे विचारले जाते, ती नेमकी कुठे बसली हे क्वचितच.

प्रीकास्ट, म्हणजे साच्यात ओतून नंतर जागेवर नेऊन बसविलेल्या काँक्रीटमध्ये हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. गटारावरील ढापे, कुंपणाचे खांब, कंपाउंडच्या फळ्या या साऱ्यांची जाडी मुळातच कमी असते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच. दोन्ही टोकांना टेकलेल्या ढाप्यावर वजन आले की त्याची खालची बाजू ताणली जाते, म्हणून सळई तळाशी हवी. भिंतीतून बाहेर आलेल्या छज्जाचे नेमके उलट. तेथे ती वरच्या अंगाला लागते. ७५ मिलिमीटर जाडीच्या ढाप्यात ८ मिलिमीटरची सळई तळापासून २० मिलिमीटर आवरण ठेवून बसविली, तर वरच्या पृष्ठापासून तिच्या मध्यापर्यंतची उपयुक्त खोली ५१ मिलिमीटर मिळते. तीच सळई मधोमध सरकली तर खोली सुमारे ३७ वर येते आणि जवळपास चतुर्थांश ताकद जाते. लोखंडाचा खर्च तेवढाच! कुंपणाचा खांब कोणत्याही दिशेला वाकू शकतो. त्यात सळया चारही कोपऱ्यांत हव्यात. मधोमध घातलेली एकच जाड सळई दिसायला भक्कम, कामाला जवळजवळ निरुपयोगी.

याउलट सळई साच्याला टेकली तर तिच्यावरचे आवरण जाते. पाणी व हवा पोहोचून ती गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. ‘आयएस ४५६ : २०००’ या भारतीय मानकानुसार सौम्य हवामानात २० आणि मध्यम हवामानात ३० मिलिमीटर आवरण अपेक्षित आहे. त्यासाठी कव्हर ब्लॉक लावावेत. विटेचे किंवा दगडाचे तुकडे ओतताना घसरतात. सळयांचे सांधे तारेने घट्ट बांधावेत, व्हायब्रेटर जाळीला टेकवू नये.

आणखी एक बाब सहसा सुटते. प्रीकास्ट वस्तू उचलली जाते, ट्रकमध्ये रचली जाते. तळाला सळई असलेला ढापा उलटा ठेवला किंवा मधल्या एकाच हुकाला लटकवला, तर ताण बिनसळईच्या बाजूला येतो आणि तो बसविण्याआधीच तडकतो. त्यामुळे ‘वरची बाजू’ अशी खूण रंगाने करणे हा स्वस्त उपाय होय.

भूकंपात खरी कसोटी जोडांची लागते. २००१ च्या भूज भूकंपात कच्छमधील कित्येक शाळांची प्रीकास्ट छपरे कोसळली, त्यामागे घटकांमधील कमकुवत जोड हे प्रमुख कारण आढळले. टोकांना बाहेर काढलेल्या सळया शेजारच्या घटकात पुरेशा लांबीने गुंतवून तेथे काँक्रीट भरणे आवश्यक असते. बसविताना अडचण होते म्हणून त्या कापण्याचा मोह आवरावा.

ग्राहकाने पाहणी करावी ती ओतण्यापूर्वीच, साचा उघडा असताना. नंतर कव्हर मीटरने सळईची खोली मोजता येते, जागा मात्र बदलता येत नाही.