शांबरिक खरोलिका ते पॉवरपॉइंट

२०२४च्या डिसेंबरात आमच्या अक्काचं सहस्रचंद्रदर्शन झालं. होमहवन, जेवणावळ, आल्यागेल्याची उठबस हे सगळं भाच्यांनी अंगावर घेतलं. माझ्या वाट्याला आलं ते जुन्या फोटोंचं काम. "मावशी, तू शाळेत पॉवरपॉइंटवर शिकवायचीस ना? मग हे तूच कर," असं ठरवून मंडळी मोकळी झाली. मीही हो म्हटलं. हो म्हणताना मनात थोडी धाकधूक होती. माझं आणि पॉवरपॉइंटचं जुनं भांडण आहे, ते त्यांना कुठलं ठाऊक असायला!

तर आधी ते भांडण सांगते.

२००४ साली मी एमएस-सीआयटीला नाव घातलं. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू केला आणि दोन-तीन वर्षांत गावोगावी त्याचे वर्ग निघाले. माझं वय तेव्हा चोपन्न. बॅचमधली बाकीची मुलं माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची, त्यातले दोघे तर खरोखरच माझे विद्यार्थी होते. माऊस हातात धरला की बाण पडद्याच्या कोपऱ्यात पळून जायचा. वर्डमध्ये अर्ज, एक्सेलमध्ये पगारपत्रक असं करत करत शेवटी पॉवरपॉइंट आलं आणि मी त्याच्या प्रेमातच पडले म्हणा ना. आयुष्यभर गुंडाळीचे नकाशे आणि रंगीत खडू वापरलेल्या बाईला अक्षरं उडत येताना दिसली, प्रत्येक ओळीला टाइपरायटरचा आवाज देता आला, शेवटी टाळ्या वाजवता आल्या. आणखी काय हवं!

इतिहास शिकवत असल्यामुळे एक खोड लागली आहे. कुठलीही वस्तू हातात आली की तिचे आजोबा-पणजोबा कोण, ते शोधायचं. पॉवरपॉइंटचे पणजोबा फार लांब निघाले. १६५९ साली ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने जादूच्या कंदिलासाठी चित्रं काढून ठेवली होती. एक हाडांचा सापळा स्वतःचं डोकं काढून हातात घेतो, अशी ती चित्रं. दिवा, भिंग आणि मध्ये काचेवरचं चित्र, एवढंच यंत्र. गंमत अशी की हायगेन्सला पुढे या खेळण्याची लाज वाटू लागली. १६६२ साली त्याच्या वडिलांनी फ्रान्सच्या राजदरबारात दाखवायला म्हणून कंदील मागितला. वडिलांना नाही म्हणता येईना. तेव्हा त्याने भावाला कळवलं की एखाद-दुसरं भिंग काढून ठेव, म्हणजे तो चालणारच नाही. मोठ्या शास्त्रज्ञाच्या घरीसुद्धा बाप-लेकांचं हे असं! शनीची कडी ओळखणाऱ्या माणसाला आपलं नाव भुताखेतांच्या खेळाशी जोडलं जायला नको होतं.

आपल्याकडे त्याच कंदिलाचं सोनं केलं ते कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी. १८९२च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने खेळ सुरू केले. शंबरासुर हा मायावी, म्हणून शांबरी म्हणजे माया. काचपट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, ती हलवून उभा केलेला हालचालीचा भास आणि सोबत कथा सांगणारा माणूस. लुमिएर बंधूंची चलच्चित्रं मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे त्याच्या चार वर्षं आधी हे कल्याणकर पडद्यावर गोष्ट सांगत होते. मला यातला तो सांगणारा माणूस महत्त्वाचा वाटतो. कीर्तनकार आणि चित्रकथी यांच्याच घरातला तो. चित्र मुकं, बोलायचं त्याने. काचेवर सगळी गोष्ट लिहून काढली असती तर त्याला तिथे उभं राहायचं कारणच उरलं नसतं.

मधली शंभर वर्षं भराभर ओलांडते. फिल्मस्ट्रिप आली, ३५ मिलिमीटरच्या स्लाइडी आल्या, ओव्हरहेड प्रोजेक्टरवरच्या पारदर्शक पट्ट्या आल्या. कोडॅकचा चक्राकार ट्रेचा प्रोजेक्टर १९६१ साली निघाला आणि २००४ साली बंद झाला, म्हणजे मी एमएस-सीआयटी केलं त्याच वर्षी.

आता खुद्द पॉवरपॉइंट. कॅलिफोर्नियात फोरथॉट नावाची एक छोटी कंपनी होती. १९८४ साली तिथे रॉबर्ट गॅस्किन्स आले. साहित्य आणि भाषाशास्त्राचा अभ्यास केलेला हा माणूस, त्यामुळे मला लगेच आपला वाटला. (हे गृहस्थ पुढे कॉन्सर्टिना या छोट्या हातपेटीसारख्या वाद्याचे मोठे जाणकार झाले, हे आणखी एक.) त्यांच्या लक्षात आलं की कचेऱ्यांतली माणसं त्या पारदर्शक पट्ट्या तयार करायला दुसऱ्यांवर अवलंबून असतात. ज्याला बोलायचंय त्याला स्वतःच त्या बनवता आल्या पाहिजेत. डेनिस ऑस्टिन आणि टॉम रुडकिन यांनी प्रोग्रॅम लिहिला. नाव 'प्रेझेंटर' ठरलं होतं, पण ते आधीच कुणीतरी घेतलेलं निघालं. मग गॅस्किन्सना आंघोळ करताना 'पॉवरपॉइंट' सुचलं, असं त्यांनीच सांगितलं आहे. एप्रिल १९८७मध्ये पहिली आवृत्ती आली ती फक्त मॅकिंटॉशसाठी आणि कृष्णधवल. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलर देऊन कंपनीच विकत घेतली. १९९०मध्ये विंडोजवरची आवृत्ती आली.

पहिल्या आवृत्तीत संगणक सभेत यायचाच नाही! घरी पानं छापायची, त्यांच्या पट्ट्या करायच्या आणि ओव्हरहेडवर ठेवायच्या. संगणक थेट प्रोजेक्टरला जोडायची सोय १९९२च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. पण पहिल्यापासून एक गोष्ट होती, ती म्हणजे नोट्सचं पान. वर स्लाइडचं छोटं चित्र आणि खाली बोलणाऱ्याने स्वतःसाठी लिहायची जागा. म्हणजे समोरच्यांना काय दिसायचं आणि आपण काय बोलायचं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे करणाऱ्यांना माहीत होतं. मला वर्गात तो नोट्सचा चौकोन दाखवलेला आठवत नाही. दाखवला असेल तर मी उडत्या अक्षरांत गुंग असणार.

२००५ साली मी सातवीला पुरंदरचा तह शिकवायला बेचाळीस स्लाइडी केल्या. फ्लॉपीत मावतात १.४४ एमबी, माझे फोटो त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे सीडी करून आणली. शाळेच्या संगणकावर लावली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांचा चिवडा! तेव्हाचे मराठी फॉन्ट असेच होते. फॉन्ट त्या मशीनवर नसेल तर मजकूर वाचताच येत नसे. युनिकोड रुळल्यावर हे दुखणं गेलं. फॉन्ट टाकला तर आवाज नाही. घोड्यांच्या टापा गप्प. फोटो त्या फायलीत मुरतो, पण मोठी ध्वनिफीत मुरत नसे, तिचा नुसता पत्ता लिहिलेला असे. फाइल गेली शाळेत आणि टापा राहिल्या घरी. (२०१०च्या आवृत्तीपासून आवाज आणि व्हिडिओ आपोआप आत जाऊ लागले.) असो. आठ दिवस खपून सगळं जुळवलं, तालुक्याच्या कॉलेजातून प्रोजेक्टर मागून आणला, खिडक्यांना चादरी लावल्या. मुलं खूश, मी खूश, हेडमास्तरही खूश.

पंधरा दिवसांनी चाचणी घेतली आणि पेपर तपासताना हात थांबला. पुरंदरचा तह कधी झाला? अर्ध्याहून जास्त मुलांनी लिहिलं होतं, १६५६. मला वाटलं कॉपी झाली. वाक्यही सगळ्यांचं तेच, शब्दाला शब्द. मग सीडी लावून पाहिली. सतराव्या स्लाइडवर, पिवळ्या ठळक आकड्यात, मीच १६६५चे १६५६ केले होते.

पुस्तकात बरोबर साल छापलेलं होतं. पुस्तक प्रत्येकाच्या दप्तरात होतं. फळ्यावर मी चुकले असते तर मागच्या बाकावरून लगेच आवाज आला असता, "बाई, चुकलं!" तीस वर्षांत तो आवाज शेकडो वेळा ऐकला होता आणि खरं सांगायचं तर दोन-तीनदा मुद्दाम चुकून तो यायची वाट पाहिली होती. पडद्यावरच्या आकड्याला मात्र कुणी हटकलं नाही. एका हुशार मुलीला मी विचारलं, "तुला ठाऊक होतं ना गं?" ती म्हणाली, "बाई, मला वाटलं पुस्तक चुकलंय. ते कॉम्प्युटरवर होतं ना."

त्या वाक्याने मी हादरले. तह कोणत्या परिस्थितीत करावा लागला, तेवीस किल्ले देताना राजांच्या मनात काय असेल, हे मी त्या तासाला बोललेच नव्हते. भिंतीवरच्या ओळी वाचून दाखवत होते आणि मुलं उतरवून घेत होती.

त्याच सुमारास कोलंबिया यानाच्या चौकशीबद्दल वाचण्यात आलं. आपली कर्नालची कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी १ फेब्रुवारी २००३ला गेले, ते आपण सगळे विसरलेलो नाही. यान उडाल्यावर दीड मिनिटाच्या आतच बाहेरच्या टाकीवरचा फेसाचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच तज्ज्ञांनी धोक्याचा हिशेब करून वरिष्ठांना पॉवरपॉइंटमध्ये दाखवला. एडवर्ड टफ्टी या प्राध्यापकांनी त्यातली एक स्लाइड उलगडून दाखवली आहे. वर धीर देणारा मथळा, खाली पोटमुद्दे, त्यांचेही पोटमुद्दे, उतरत उतरत बारीक होत गेलेली अक्षरं. आणि अगदी तळाच्या ओळीत, प्रयोगात वापरलेला तुकडा ३ घनइंचांचा होता आणि प्रत्यक्षात लागलेला १९२० घनइंचांचा. म्हणजे ६४० पट! ही ओळ सगळ्यात वर, एकटी असायला हवी होती. ऑगस्ट २००३मध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालात या स्लाइडचा उल्लेख आहे. ती वाचणाऱ्या वरिष्ठाला हा जिवावरचा प्रश्न आहे हे कळलं नाही तर नवल नाही, असं मंडळाने म्हटलं. अपघाताला कारण फेसाचा तुकडा, पॉवरपॉइंट नव्हे, हेही खरं. पण मला माझी सतरावी स्लाइड दिसायला लागली.

निवृत्त होईपर्यंत मी पुन्हा प्रोजेक्टर मागवला नाही. हा थोडा हट्टच होता म्हणा. चूक मी केली आणि अबोला यंत्राशी धरला.

तर आता अक्काचे फोटो. तिची नात मला शिकवायला बसली. जुने फोटो मोबाइलने कसे सरळ टिपायचे, कोरी स्लाइड घेऊन त्यात चित्र कसं भरायचं, क्रॉप करून कडा कशा छाटायच्या, सगळं तिने सांगितलं. तिला खाली ओळी हव्या होत्या, नावं, सालं, मागे गाणं आणि दर सात सेकंदांनी आपोआप बदलणारी चित्रं. मी म्हटलं, एकही अक्षर नको. "मग कळणार कसं कोण आहे ते, मावशीआजी?" म्हटलं, मी सांगेन ना. आपोआप बदलणंही नको, कारण कुठे किती थांबायचं ते समोरच्यांकडे बघून ठरतं. गाण्यावर तडजोड झाली, ते शेवटी वाजवायचं. जाता जाता तिने एक कळ दाखवली. फोटो चालू असताना 'बी' दाबलं की पडदा पूर्ण काळा होतो, पुन्हा दाबलं की चित्र परत. वीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

अडतीस फोटो झाले. कार्यक्रमात नववा फोटो आला, वाड्याच्या पायरीवर आई-वडील, काका-काकू आणि फ्रॉकातली अक्का. मी ठणकावून सांगितलं, "हा आमचा मिरजेचा वाडा, साल १९५८."

समोरच्या खुर्चीतून आवाज आला, "चुकलं."

अक्का पुढे सरकून बसली होती. "मिरजेला पायऱ्या कुठे होत्या? हे तासगाव. आणि अठ्ठावन्न कसलं, मी सात वर्षांची आहे, तू पाळण्यात होतीस." लोक हसले. मीही हसले, कान पकडले. अक्का मात्र पडद्याकडेच बघत होती. "आत्या कुठे गेली?"

मला कळेना. "कोण आत्या?"

"इथे उजवीकडे, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. फोटोग्राफर आला की ती अशीच बाजूला जाऊन उभी राहायची. या फोटोत राहिली होती. मला पक्कं माहीत आहे."

माझ्या पोटात गोळा आला. उजवीकडे सावलीत काहीतरी पुसट होतं, ते मीच छाटलं होतं. डाग समजून.

अक्काच्या नातीने एस्केप दाबलं, चित्रावर गेली, क्रॉपची कड धरली आणि उजवीकडे ओढली. फायलीत छाटलेला भाग तसाच असतो म्हणे, मुद्दाम काढून टाकला नाही तर. चौकट दिसली, मग पदर, मग अर्धा चेहरा. डोक्यावरून घेतलेलं अलवण, कॅमेऱ्याकडे न बघणारी बाई.

"हिनं तुला न्हाऊ घातलंय वर्षभर," अक्का मला म्हणाली. "आई बाळंतपणानंतर आजारीच होती. आत्या बाराव्या वर्षी माघारी आली ती घरीच राहिली. तुला कसं ठाऊक असणार, तू तीन वर्षांची असताना ती गेली."

मग ती आत्याबद्दल बोलत राहिली. आमच्यापैकी कुणीच ते आधी ऐकलेलं नव्हतं. आत्याला मोडी वाचता येत होती, दुपारी ती अक्काकडून पाढे म्हणून घ्यायची, सणासुदीला तिला स्वयंपाकघराबाहेर येऊ देत नसत. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की लोक पडद्याकडे बघतच नाहीयेत, सगळ्यांच्या माना अक्काकडे वळल्या आहेत. मी 'बी' दाबलं. उरलेले एकोणतीस फोटो आम्ही जेवणानंतर पाहिले.