मस्तक ख्रिस्त, पण किल्ल्या कोणाकडे?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातलं सेंट जॉर्ज चर्च. रविवारची सकाळ, प्रार्थना सुरू झालेली, सगळे गुडघे टेकून बसलेले. तेवढ्यात चर्चचा एक गोरा विश्वस्त येतो आणि अ‍ॅब्सलम जोन्स या काळ्या भाविकाला दंडाला धरून उठवू लागतो. इथे बसायचं नाही, मागे जा. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढंच जोन्स म्हणतो. विश्वस्त थांबत नाही, दुसऱ्याला मदतीला बोलावतो. प्रार्थना संपते आणि सगळे काळे भाविक एकत्र उठून बाहेर पडतात. याच चर्चच्या दुरुस्तीसाठी त्यांनी वर्गणी दिली होती, कष्टही केले होते. रिचर्ड अ‍ॅलन यांनी आत्मकथनात या घटनेचं साल १७८७ दिलं आहे. गॅलरीच्या बांधकामाच्या नोंदींवरून अनेक इतिहासकार ती १७९२ ची मानतात.

हा प्रसंग आपल्याकडे अधूनमधून सांगितला जातो. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉइस यांना पत्र लिहिलं, तेव्हा हे नातं आपल्याला नवं नाही. पण गोष्ट सांगताना आपण 'ते बाहेर पडले' इथेच थांबतो. आमच्या मते खरी लढाई तिथून पुढे सुरू झाली, आणि ती पंचवीसेक वर्षं चालली.

ख्रिस्ती श्रद्धेनुसार मंडळीचं मस्तक ख्रिस्त आहे. पौलाच्या पत्रांत ते स्पष्ट आहे आणि त्यावर कॅथलिक-प्रॉटेस्टंट असा वाद नाही. वाद पुढच्या पायरीवर आहे : ख्रिस्त सत्ता चालवतो ती कोणाच्या हातून? रोम म्हणतं, पेत्राला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या दिल्या, त्या त्याच्या वारसाकडे, म्हणजे पोपकडे आहेत. मेथडिस्टांनी पोप नाकारला, पण बिशप आणि धर्मोपदेशकांची परिषद ठेवली. कुठल्या चर्चमध्ये कोण उपदेश करणार हे बिशप ठरवणार आणि इमारतीही परिषदेच्या ताब्यात राहणार. गोऱ्या वडिलांना (एल्डर या पदाला आम्ही इथे वडील म्हणतो) हे शिस्तीसाठी आवश्यक वाटत होतं, आणि ते सगळेच ढोंगी होते असंही आम्ही म्हणणार नाही. पण त्या परिषदेत काळा माणूस एकही नसेल, तर 'मस्तक ख्रिस्त' या वाक्याचा व्यवहारातला अर्थ काय उरतो?

अ‍ॅलन हे जन्माने गुलाम (१७६०). मेथडिस्ट उपदेशकाचं प्रवचन ऐकून मालकाचं मन बदललं, तरी त्याने स्वातंत्र्य फुकट दिलं नाही. अ‍ॅलन यांनी मजुरी करून ते विकत घेतलं. फिलाडेल्फियात त्यांनी सहाव्या आणि लोंबार्ड रस्त्यांच्या कोपऱ्यावर जागा घेतली, लोहाराचं एक जुनं दुकान ओढून आणून तिथे बसवलं. त्यातून बेथेल चर्च उभं राहिलं. १७९४ मध्ये बिशप फ्रान्सिस अ‍ॅस्बरी यांनी स्वतः येऊन त्याचं समर्पण केलं. जोन्स मात्र दुसऱ्या वाटेने एपिस्कोपल पंथात गेले. त्यांच्या सेंट थॉमस चर्चला त्या पंथाने सामावून घेतलं ते धर्मप्रांताच्या सभेत मताधिकार न देता. नाव नोंदवा, बोलू नका.

१७९६ मध्ये बेथेलची कायदेशीर नोंदणी झाली. कागद एका गोऱ्या वडिलांनी करून दिले, तेही मोफत. मोफत कागदाची किंमत दहा वर्षांनी कळली. नवे वडील आले, त्यांनी चर्चच्या किल्ल्या आणि वह्या मागितल्या आणि माझ्या परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही असं फर्मावलं. लोक म्हणाले, चर्च आमचं आहे. उत्तर आलं, कागद वाचा. कागदानुसार मालमत्ता परिषदेच्या ताब्यात होती.

अ‍ॅलन वकिलाकडे गेले. त्याच कागदात एक फट सापडली : दोन तृतीयांश सभासदांच्या संमतीने घटनेत दुरुस्ती करता येत होती. १८०७ मध्ये 'आफ्रिकन सप्लिमेंट' या नावाने ती दुरुस्ती मंजूर झाली आणि इमारत व व्यासपीठ बेथेलच्या विश्वस्तांच्या हाती आलं.

तरी एक दोरी उरलीच. अ‍ॅलन यांना अ‍ॅस्बरींनी १७९९ मध्ये डीकन केलं होतं, वडील नाही. प्रभुभोजनाचा विधी पूर्ण करायला गोरा वडीलच लागायचा, आणि वडिलांनी सेवेसाठी वर्षाला ६०० डॉलर मागितले. १८१५ मध्ये इमारत लिलावात निघाली. आपल्याच चर्चसाठी अ‍ॅलन यांना १०,१२५ डॉलरची बोली लावावी लागली. त्यानंतर रॉबर्ट बर्च नावाचे वडील जबरदस्तीने उपदेश करायला आले, तर लोकांनी मधली वाटच भरून टाकली आणि त्यांना व्यासपीठापर्यंत पोचू दिलं नाही. बर्च कोर्टात गेले. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १ जानेवारी १८१६ रोजी त्यांची मागणी फेटाळली. एप्रिलमध्ये निरनिराळ्या शहरांतल्या काळ्या मंडळींचे प्रतिनिधी जमले, आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झालं आणि अ‍ॅलन त्याचे बिशप झाले.

साथींनो, बोधगया आठवा. १९४९ च्या कायद्याने महाबोधी विहाराच्या समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. तो हिंदूच असावा ही अट २०१३ पर्यंत होती. तिथे बुद्धाला वंदन करायला कोणी अडवत नाही. सेंट जॉर्जमध्येही काळ्यांना प्रार्थना करायला मनाई नव्हती. 'दर्शन तर मिळतंय ना' म्हणणाऱ्या आपल्यातल्याच मित्रांनी बेथेलचा तो १७९६ चा कागद समोर ठेवावा.

पण अ‍ॅलन यांची मूर्ती करून ठेवावी असं आम्हाला वाटत नाही. जरीना ली नावाची काळी स्त्री त्यांच्याकडे आली आणि म्हणाली, मला उपदेश करण्याची हाक आली आहे. अ‍ॅलन म्हणाले, आपल्या नियमावलीत स्त्री उपदेशकाची तरतूद नाही. ज्या माणसाने कागदापायी एवढं सोसलं त्याने तिला कागद दाखवला! जरीना यांचा युक्तिवाद बिनतोड होता : तारणारा पुरुषासाठी मेला तसा स्त्रीसाठीही मेला ना? आणि पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा सांगितली ती मरीयेनेच ना?

आठ वर्षांनी बेथेलमध्येच एक उपदेशक योनाच्या कथेवर बोलताना अडखळला. जरीना जागेवरून उठल्या आणि प्रवचन त्यांनी पुढे नेलं. आता आपल्याला बाहेर काढतील असं त्यांना वाटलं होतं. अ‍ॅलन उभे राहिले. या बाईंनी आठ वर्षांपूर्वी परवानगी मागितली होती आणि आपण ती टाळली, हे त्यांनी सर्वांसमोर सांगितलं, आणि इतर कोणाही उपदेशकाइतकीच यांनाही हाक आहे हे मान्य केलं. जरीना पुढे हजारो मैल फिरून उपदेश करत राहिल्या. दीक्षा मात्र त्यांना मिळाली नाही. त्या चर्चने पहिली स्त्री बिशप निवडली ती २००० साली, वॅश्टी मॅकेन्झी.