अजिंठ्याचा निळा रंग

अजिंठ्याची लेणी आपल्या मंडळींपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. परंतु तेथील निळा रंग आला कोठून, हा प्रश्न थोड्यांनाच पडतो. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना व काजळी ही तर घरचीच सामग्री. निळा मात्र परदेशचा पाहुणा! तो लाजवर्द नामक दगडापासून होतो, आणि त्या दगडाची प्राचीन खाण अफगाणिस्तानात, बदख्शान प्रांती कोकचा नदीच्या खोऱ्यात, सर-इ-संग येथे आहे. इसवी सनाच्या ५ व्या शतकात, वाकाटकांच्या अमदानीत, तो एवढे डोंगर ओलांडून येथवर पोहोचला. तो वाहून आणणाऱ्यांची नावे इतिहासाने राखिली नाहीत, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

हा दगड नुसता कुटल्यास पूड करडी पडते. म्हणून इटलीतील रंगकार ती मेण व राळ यांच्या गोळ्यात घालून राखेच्या क्षारजलात मळीत. निळे कण तेवढे सुटून तळाशी बसत. असा रंग महाग असावयाचाच! १८२४ साली फ्रान्समधील एका संस्थेने कृत्रिम लाजवर्दासाठी ६,००० फ्रँकांचे पारितोषिक लाविले. १८२८ साली ते गिमे यांस मिळाले. तीच कृत्रिम पूड पुढे नीळ म्हणून घरोघरी आली. आमच्या बालपणी वडीलधाऱ्यांची धोतरे तिच्याच पाण्यातून निघत.