‘एरिया सेफ आहे का?’ : खोली शोधणाऱ्यांचा इतिहास

(भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)



जून जवळ आला की आपल्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत येतो. कुणाला पुण्यात ॲडमिशन मिळालीय, कुणाला बंगळुरूत नोकरी, कुणी नाशिक सोडून हैदराबादला निघालंय. आणि विचारणं एकच, एरिया सेफ आहे का? मग आपण काय करतो, तर फोनवर नकाशा उघडतो, रस्त्याचे फोटो फिरवून बघतो, रिव्ह्यू वाचतो, आणि शेवटी ब्रोकर ‘एकदम फॅमिली एरिया’ म्हणाला की मान डोलावतो.

हा पॉडकास्ट इतिहासाचा, त्यामुळे माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळला. फोन नव्हता तेव्हा लोक हे कसं शोधायचे? आणि शोधूनही कुणाला उत्तर मिळायचं, कुणाला नाही?

आधी मुंबई घेऊ. ताडदेवला १८५६ साली पहिली सूतगिरणी सुरू झाली, आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत हे शहर बाहेरून आलेल्यांचंच झालं. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या दर १०० माणसांमागे ८० हून जास्त माणसं मुंबईबाहेर जन्मलेली होती. हजार पुरुषांमागे बायका जेमतेम सव्वापाचशे. म्हणजे हे शहर बहुतांशी बायकामुलं गावी ठेवून आलेल्या बाप्यांचं.

रत्नागिरीकडचा एखादा पोरगा बोटीतून भाऊच्या धक्क्यावर उतरायचा तेव्हा त्याच्याकडे वळकटी असायची, पत्र्याची पेटी असायची आणि एक नाव असायचं. गावातल्या कुणाचं तरी, चुलत्याचं, मावसभावाचं. त्याला वस्तीची चौकशी करायची गरजच नव्हती, ती गावाने आधीच केलेली असायची. लालबाग-परळच्या चाळींत गाववाल्यांच्या खोल्या होत्या. एका खोलीत डझनभर, कधी त्याहून जास्त माणसं. दिवसपाळीचे रात्री झोपणार, रातपाळीचे दिवसा. जेवायला जवळच्या बाईंची खानावळ, हिशेब महिन्याचा. कामाला लावणारा जॉबरही बहुतेक वेळा ओळखीतलाच, आणि अडीनडीला उसने देणाराही तोच.

गोव्याच्या लोकांनी तर याची रीतसर व्यवस्था लावली होती. धोबीतलाव आणि आसपासच्या भागात त्यांचे ‘कूड’ होते, म्हणजे गावागावाचे क्लब. आपल्या गावचा कूड शोधायचा, पेटी ठेवायची, चटई पसरायची. भिंतीशी वेदी, संध्याकाळी प्रार्थना. बोटीवर नोकरीला जाणारे खलाशी दोन सफरींच्या मधे इथेच थांबायचे. धोबीतलावच्या जेर महालात असे कूड अजूनही आहेत, तिकडून गेलात तर वर मान करून बघा.

मला हे आवडतं, खोटं कशाला बोलू? अनोळखी शहरात पहिल्याच रात्री कुणीतरी ‘जेवलास का रे?’ विचारतंय, याच्याइतकं सेफ काय असणार? पण याची दुसरी बाजूही होती. खोलीत दारू पिऊन आलास की बातमी आठवड्यात गावी. जॉबरशी भांडलास तर काम, उधारी, कदाचित खोलीही, सगळ्यालाच धक्का. गल्लीचा दादा तुमचं रक्षण करायचा आणि तुमच्यावर गुरगुरायचाही. शिवाय खोली ‘आपल्या’ माणसांची. गावची असली तरी गावातल्या सगळ्यांची नव्हे, जातीप्रमाणे खोल्या वेगळ्या, पुष्कळदा चाळीच वेगळ्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आता १८९६. सप्टेंबर महिना, मांडवी बंदराजवळची दाटीवाटीची वस्ती, धान्याची गोदामं. डॉ. अकासिओ व्हिएगस यांना तिथल्या रुग्णांमध्ये गाठीचा प्लेग दिसला. काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. शहराची वस्ती आठेक लाख होती, हे ध्यानात घ्या म्हणजे अंदाज येईल.

सरकारने घरोघर तपासणी सुरू केली आणि घरांवर खुणा करायला सुरुवात केली. ज्या घरात प्लेग निघाला त्याच्या भिंतीवर वर्तुळं आणि तारखा. काळोख्या, कोंदट खोल्यांवर तीन इंग्रजी अक्षरं, यू. एच. एच., अर्थ ‘माणसाने राहण्यास अयोग्य’. त्या काळचे फोटो आहेत, दाराशेजारी एकाखाली एक वर्तुळं दिसतात. एरियाचं रेटिंग थेट भिंतीवर रंगवलेलं! खोली शोधणाऱ्याला कुणाला काही विचारायलाच नको.

गंमत म्हणा किंवा शोकांतिका म्हणा, हे रेटिंग भलत्याच गोष्टीचं होतं. तेव्हाच्या अधिकाऱ्यांचा संशय घाणीवर, ओलीवर, कोंडलेल्या हवेवर. प्लेग पसरवत होत्या उंदरांवरच्या पिसवा. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने ते १८९८ मध्ये दाखवलं, आणि मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. काळोखी खोली वाईटच असते, त्याबद्दल वाद नाही. पण गरिबाच्या दारावर शिक्का बसला, आणि उंदीर मात्र त्याला वाटेल तिकडे फिरत राहिला.

त्याच १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, मोकळी हवा आणायची. सँडहर्स्ट रोड या ट्रस्टचा, दादर-माटुंग्याची आखणीही त्याचीच. पाडणं भराभर झालं, गरिबांसाठी बांधणं सावकाश. तरी ट्रस्टने चाळी बांधल्या, त्यांना लोक अजून बीआयटी चाळी म्हणतात. परळच्या अशाच एका चाळीत आंबेडकर कुटुंब राहायचं, आणि तिथूनच मी मघाच्या मुद्द्याकडे वळतो.

१९१७ साल. भीमराव आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात आणि पुढे लंडनमध्ये शिकून परतलेत. शिष्यवृत्ती बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची, आणि करार असा की शिक्षण झालं की बडोदा संस्थानात नोकरी करायची. ते बडोद्याला निघाले. नवं शहर, नवी नोकरी. तुमच्यातल्या अनेकांसारखंच.

पुढचं त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये लिहून ठेवलंय. स्टेशनवर त्यांच्यापुढे प्रश्न एकच, जायचं कुठे? हिंदू विश्या होत्या, पण तिथे जात विचारणार. जात लपवावी, तर उघडकीस आल्यावर काय होईल याचा भरवसा नाही. परदेशात शिकताना ओळख झालेले मित्र शहरात होते, पण ते घरात घेतील का? हेच ‘एरिया रिसर्च’, फक्त इथे चोरांची भीती नाही. भीती घरमालकाची.

शेवटी पारशी सराई. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, म्हणून हायसं वाटलं. पण सराई फक्त पारशांसाठी, म्हणून नोंदवहीत पारशी नाव लिहायचं आणि रोजचा दीड रुपया द्यायचा, असं रखवालदाराशी ठरलं. वर एक लहान खोली, बाकी मजला मोडक्या खुर्च्यांनी आणि अडगळीने भरलेला. दुसरं माणूस नाही. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात हा माणूस एकटा वाचत बसायचा. राहिलेलं सामान घेऊन मुंबईहून भाचा आला, मामाची अवस्था बघून इतका रडायला लागला की त्याला लगेच परत पाठवावं लागलं. मी हे वाचतो तेव्हा दरवेळी या भाच्यापाशी अडकतो.

अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. तू कोण, सराई का बाटवलीस, संध्याकाळच्या आत चालता हो. एका हिंदू मित्राने सांगितलं, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती, तो म्हणाला, बायकोला विचारायला हवं. आंबेडकर कामाठी बागेत जाऊन बसले. पाच तास. रात्री नऊच्या गाडीने मुंबईला परत.

परत आले ते परळच्या त्या चाळीत. लहान खोल्या, खालीवर गिरणीचं जग. बडोद्यात संस्थानाची नोकरी होती पण छप्पर नव्हतं, इथे नोकरी नव्हती पण दाराला आतून कडी होती.

हा प्रश्न जुना झाला असं कुणी म्हणेल, तर १९९२-९३ आठवा. मुंबईतल्या दंगलींनंतर कितीतरी मुस्लिम कुटुंबं मिश्र वस्त्या सोडून मुंब्र्याला गेली आणि मुंब्रा बघता बघता वाढलं. त्यांचं गणित साधं होतं, रात्री दार वाजलं तर आजूबाजूला कोण असेल? आजही ‘सोसायटीत नॉनव्हेज चालत नाही हं’ असं ब्रोकर हळूच सांगतो तेव्हा तो सुरक्षिततेबद्दल बोलत नसतो, तरी पुष्कळांना आपलं उत्तर तिथेच मिळतं.

म्हणून कुणी मला विचारलं की माझा उलटा प्रश्न असतो, कुणासाठी सेफ? रात्री अकराला कामावरून येणाऱ्या मुलीला जे बघायचंय, म्हणजे शेवटची बस, स्टॉपपासून दारापर्यंतचे दिवे, उघडं असलेलं मेडिकल, ते दिवसा काढलेल्या फोटोत दिसत नाही. रिव्ह्यू लिहिणारा कोण आहे, तेही बघा. त्याला पार्किंगची काळजी असते, तुम्हाला कदाचित आडनावाची. जमलं तर संध्याकाळी एक चक्कर मारा आणि इस्त्रीवाल्याशी, टपरीवाल्याशी बोला. आणि तुमच्यासारखं कुणी त्या इमारतीत आधीपासून राहतंय का, ते आधी शोधा. गाववाल्यांच्या खोलीचा तेवढा भाग उचलण्यासारखा आहे.

जाता जाता एक. आंबेडकरांनी पुढे १९३० च्या दशकात स्वतःचं घर बांधलं, राजगृह, दादरच्या हिंदू कॉलनीत. प्लेगनंतर ट्रस्टने आखलेल्या दादर-माटुंग्याचाच तो भाग. घर बांधताना मुख्य विचार पुस्तकांचा, त्यांना जागा पुरली पाहिजे. मुलाखतीला किंवा परीक्षेला दादरला आलात तर चालत जाऊन बघा, स्टेशनपासून लांब नाही.

पुढच्या भागात आपण खानावळीत शिरणार आहोत. गिरणगावात शेकडो माणसांना रोज जेवू घालणाऱ्या बायका, त्यांची उधारीची वही, आणि १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून सुरू केलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ. तुमच्या घरात कुणी खानावळ चालवली असेल तर व्हॉइस नोट पाठवा, आजींच्या आवाजात असेल तर फारच छान.