हुगळीची मोहनिद्रा

मेस्मेरिझम म्हटलें कीं आपल्याकडील सुशिक्षित मंडळींस दोनच गोष्टी आठवतात: जादूगाराचे खेळ आणि भोंदूंच्या बैठकी. क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू होण्यापूर्वीं याच विद्येच्या आधारें बंगालमधील एका गांवीं रोग्यांवर वेदनारहित शस्त्रक्रिया होत असत, ही हकीकत थोड्यांस ठाऊक असते. आणि ज्यांस ती ठाऊक असते तेही तिचा निम्माच भाग सांगतात. उरलेला भाग आमच्या मतें अधिक मोलाचा आहे. त्याचा संबंध शस्त्रक्रियेशीं नसून, वर्षानुवर्षें न थांबणाऱ्या मज्जातंतूंच्या वेदनेशीं आहे.

जेम्स एस्डेल हा स्कॉटिश डॉक्टर कंपनी सरकारच्या नोकरींत हुगळी येथें होता. ४ एप्रिल १८४५ रोजीं त्यानें तुरुंगाच्या इस्पितळांत एका कैद्यावर अंडवृद्धीचे उपचार केले, आणि त्यानंतर त्या बिचाऱ्यास असह्य कळा येऊं लागल्या. मेस्मेरिझमचा प्रयोग एस्डेलनें तोंवर डोळ्यांनीं पाहिलेला नव्हता. वाचनानें जें समजलें होतें तेवढ्या भांडवलावर तो रोग्यासमोर बसला व त्याच्या अंगावरून हात फिरवूं लागला. कांहीं वेळानें कैद्यास अशी गाढ निद्रा लागली कीं, टोचलें तरी त्यास शुद्ध नव्हती. आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों तें येथेंच. हा पहिला प्रयोग सुरी चालविण्याकरितां झाला नाहीं. तो चालू असलेलें दुःख शमविण्याकरितां झाला.

पुढील आठ महिन्यांत एस्डेलनें त्र्याहत्तर वेदनारहित शस्त्रक्रिया नोंदविल्या. रोग्यास काळोख्या खोलींत निजवून त्याच्या अंगावरून तासन्‌तास हात फिरविण्याचें कंटाळवाणें काम इस्पितळांतील एतद्देशीय मदतनीस करीत. कीर्ति मात्र साहेबाच्या वांट्यास आली. रोगी बहुधा गरीब, कांहीं तर कैदीच. नकार देण्याची मुभा त्यांस कितपत होती, याचा विचार वाचकांनींच करावा. बंगालचे डेप्युटी गव्हर्नर सर हर्बर्ट मॅडक यांनीं चौकशीसाठीं समिति नेमली, आणि १८४६ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास या उपचारासाठीं एक लहानसें इस्पितळही निघालें. परंतु त्याच्या आदल्याच महिन्यांत, १६ ऑक्टोबर रोजीं, बोस्टन येथें ईथरच्या वाफेनें रोग्यास बेशुद्ध करून शस्त्रक्रिया झाली होती. १८४७ सालीं एडिंबरोहून क्लोरोफॉर्म आला. पांच मिनिटांत जें काम बाटली करूं शकते, त्यासाठीं चार माणसांना दिवसभर राबवावयाचें कोणीं? मेस्मेरिझम मागें पडला.

तो मागें पडला, तेव्हां त्याच्याबरोबर एस्डेलच्या अहवालांतील दुसरी यादीही विस्मृतींत गेली. त्र्याहत्तर शस्त्रक्रियांखेरीज अठरा रोग्यांवर त्यानें केवळ औषधाऐवजीं मोहनिद्रेचे उपचार केले होते. त्यांत चेहऱ्याच्या मज्जातंतूची कळ आहे, मांडीच्या मज्जातंतूचें दुखणें आहे, आणि गृध्रसी, म्हणजे आपण ज्यास सायटिका म्हणतों, तीही आहे. या रोगांवर ईथरचा कांहींच इलाज चालत नाहीं. मनुष्यास जन्मभर बेशुद्ध ठेवतां येत नाहीं! ईथरनें मेस्मेरिझमचा खरोखर पराभव केला तो शस्त्रक्रियेच्या खोलींत. वेदनेच्या या दुसऱ्या प्रांतांत दोघांची गांठच पडली नव्हती.

एस्डेलचे सर्वच दावे आम्हांस मान्य आहेत असें नाहीं. हातांतून कांहीं अदृश्य द्रव्य रोग्याच्या शरीरांत जातें, ही त्याची समजूत चुकीची होती. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडनें १८४३ सालींच आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, सर्व मर्म रोग्याच्या स्वतःच्या एकाग्रतेंत आहे. ‘हिप्नॉटिझम’ हें नांव त्याच्यामुळेंच रूढ झालें.

एकाग्रतेनें वेदना कशी बदलावी? मज्जातंतूच्या जुनाट दुखण्यांत इजा करणारी वस्तु समोर नसते. बिघडलेला तंतूच धोक्याची घंटा वाजवीत राहतो. १९९७ सालीं माँट्रियलच्या संशोधकांनीं मोहनिद्रेंतील माणसांचे हात कढत पाण्यांत ठेववून, वेदनेचा त्रास कमी किंवा अधिक वाटेल अशा सूचना दिल्या. पाणी तेंच, परंतु त्रास सूचनेप्रमाणें बदलला, आणि मेंदूचा जो भाग वेदनेच्या क्लेशकारकपणाशीं निगडित आहे त्याचें कार्यही त्याबरोबर बदललें. ‘सारें मनाचे खेळ’ म्हणून कुटुंबांतील दुखणाइतास गप्प बसविणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. वेदना खरीच असते, आणि म्हणूनच ती बदलतां येते.

हा उपाय रामबाण नव्हे. कांहीं माणसांवर त्याचा ठसा लवकर उमटतो, कांहींवर मुळींच उमटत नाहीं. तंतूचा बिघाड त्यानें दुरुस्त होत नाहीं, व डॉक्टरांची औषधें त्याच्या भरंवशावर सोडणें हा वेडेपणा होय. पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूस इजा झालेल्या रोग्यांनाही आज ही विद्या शिकवून पाहण्यांत येते. कांहींची वेदना थोडी उतरते. जळजळीच्या जागीं गारवा वाटतो अशी सूचना प्रथम उपचारक देतो, मग रोगी ती घरीं स्वतःच स्वतःस देतो. हात फिरविणाऱ्या मदतनिसांची गरज उरलेली नाहीं.

एस्डेलच्या त्या अठरा जणांत एक असाही होता, ज्यास अंगावरून किडे चालल्याचा भास सहा महिने होत होता. मज्जातंतूंच्या विकारानें रात्र-रात्र जागणाऱ्या आजच्या रोग्यास त्याची तक्रार समजावून सांगावी लागणार नाहीं.