फॉरमॅट मारण्याआधी : विंडोज ११ च्या कोऱ्या स्थापनेतील दोषशोध

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिला जाणारा नियमित आधार थांबवला. त्यामुळे घरोघरी, दुकानांत आणि कचेऱ्यांत विंडोज ११ टाकण्याचे काम निघाले. हे काम दोन मार्गांनी होते. पहिल्या मार्गात चालू विंडोजवरच नवी आवृत्ती चढते आणि प्रोग्रॅम, सेटिंग्ज, फायली जागच्या जागी राहतात. दुसऱ्या मार्गात डिस्क पुसून नवी प्रणाली बसवतात. बाजारात याला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. या विवेचनात त्याला कोरी स्थापना म्हणू. पहिला मार्ग अडला की दुसरा धरायचा, हा सर्वत्र रूढ झालेला तोडगा. तो पुष्कळदा चालतो, पण का चालला हे कळत नाही, आणि चालला नाही तर पुढे काय करायचे हेही कळत नाही.

कोऱ्या स्थापनेचे खरे मोल संशयितांची यादी आखूड करण्यात आहे. डिस्क पुसली की जुना अँटिव्हायरस, बिघडलेली रजिस्ट्री, अर्धवट काढलेले प्रोग्रॅम आणि युजर प्रोफाइलमधील गोंधळ हे सारे एका फटक्यात निर्दोष ठरतात. तरीही दोष राहिला, तर तो फर्मवेअर, पेन ड्राइव्ह, डिस्क, रॅम किंवा ड्रायव्हर यांपैकी कशात तरी असणार. पण याच कृतीने पुरावाही नष्ट होतो. म्हणून पहिला नियम असा की पुसण्याआधी वाचावे.

चढती स्थापना, म्हणजे वरचा पहिला मार्ग, चार टप्प्यांत होते. पहिला टप्पा जुन्या विंडोजमध्ये, दुसरा एका छोट्या तात्पुरत्या प्रणालीत, तिसरा नव्या विंडोजच्या पहिल्या बूटमध्ये आणि चौथा दुसऱ्या बूटमध्ये. स्थापना फसली की दोन भागांचा त्रुटी-कोड मिळतो. लोक त्याचा पहिला भाग शोधत बसतात; निदानाला उपयोगी असतो तो दुसरा. त्यातील ‘शून्य-एक्स’नंतरचा पहिला अंक म्हणजे टप्प्याचा क्रमांक. समजा दुसरा भाग ‘४०००डी’ आहे. म्हणजे चौथ्या टप्प्यात, जुनी माहिती नव्या प्रणालीत आणताना काम अडले. अशा वेळी कोरी स्थापना यशस्वी होण्याची शक्यता फार मोठी, कारण तेथे आणण्यासारखी जुनी माहितीच नसते. उलट तो ‘२’ ने सुरू होत असेल, तर काम जुन्या विंडोजच्या बाहेर अडले आहे. ड्रायव्हर किंवा फर्मवेअर संशयित आहे आणि डिस्क पुसूनही तीच भिंत पुन्हा आडवी येऊ शकते. एका अंकावरून एवढा निर्णय होतो. सविस्तर नोंदी ‘पँथर’ नावाच्या फोल्डरात असतात आणि मायक्रोसॉफ्टचे ‘सेटअपडायग’ हे साधन त्या वाचून कारण सांगते. ते फोल्डर आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे.

पुसण्याआधी आणखी एक गोष्ट हातात हवी : बिटलॉकर या विंडोजच्या एन्क्रिप्शनची ४८ अंकी रिकव्हरी की. अनेक लॅपटॉपांवर मालकाच्या नकळत एन्क्रिप्शन चालू असते. फर्मवेअरमधील टीपीएम या सुरक्षाघटकाच्या किंवा सिक्युअर बूटच्या सेटिंगला हात लावताच यंत्र ही की मागू शकते. त्याहून मोठा धोका ‘डी’ ड्राइव्हचा. तो एन्क्रिप्ट केलेला असेल आणि आपोआप उघडत असेल, तर त्याची किल्ली ‘सी’ ड्राइव्हवरच्या विंडोजमध्ये असते. ‘सी’ पुसला की ‘डी’ जागेवर राहतो, पण त्यातले लग्नाचे फोटो आणि हिशेब रिकव्हरी कीशिवाय उघडत नाहीत.

आता प्रत्यक्ष स्थापना. येथे दोषशोधाचा प्रश्न एकच : अडले त्या क्षणी यंत्राचा ताबा कोणाकडे होता?

विंडोजचे चिन्ह दिसण्याआधीच काम थांबले, तर ताबा फर्मवेअरकडे होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटची क्षमता असलेले यूईएफआय लागते. पुष्कळ यंत्रांत टीपीएम असते, पण बंद. इंटेलच्या बोर्डावर ते ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावाखाली लपलेले असते, त्यामुळे ‘टीपीएम’ शोधणाऱ्याला ते सापडत नाही. सिक्युअर बूटसाठी जुन्या बूटपद्धतीची सीएसएम ही सोय बंद करावी लागते. मात्र डिस्कची मांडणी जुनी, म्हणजे एमबीआर असेल, तर सीएसएम बंद करताच जुने विंडोज सुरू होणे थांबते. ते जपायचे असेल तर आधी ‘एमबीआर२जीपीटी’ या साधनाने मांडणी बदलावी, मग फर्मवेअरला हात लावावा. कोऱ्या स्थापनेत मांडणी पुसली जाणारच असते, म्हणून तेथे हा क्रम पाळावा लागत नाही.

पडदा निळा-जांभळा झाला आणि भाषा विचारली गेली, म्हणजे ताबा पेन ड्राइव्हवरील छोट्या प्रणालीकडे आला. येथले संदेश सर्वांत जास्त दिशाभूल करतात. ‘मीडिया ड्रायव्हर सापडत नाही’ असे ती सांगते तेव्हा खरे कारण अनेकदा खराब पेन ड्राइव्ह, अपुरी उतरलेली आयएसओ फाइल किंवा यूएसबीचे ते विशिष्ट पोर्ट असते. प्रोग्रॅमला फक्त आपल्याला काय मिळाले नाही एवढे कळते. का मिळाले नाही हे त्याला दिसत नाही. म्हणून ड्रायव्हर शोधत फिरण्याआधी आयएसओचा हॅश मायक्रोसॉफ्टने दिलेल्या हॅशशी ताडून पाहावा, दुसरा पेन ड्राइव्ह आणि दुसरे पोर्ट वापरावे. ज्यांनी फाइल हाताने कॉपी केली असेल त्यांनी फॅट३२ ची मर्यादाही लक्षात घ्यावी. या रचनेत ४ जीबीची एक फाइल मावत नाही आणि विंडोज ११ ची मुख्य प्रतिमा-फाइल बहुधा त्याहून मोठी असते.

डिस्कच दिसत नसेल तर मात्र तक्रार खरी असते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत एसएसडी ‘व्हीएमडी’ नावाच्या नियंत्रकामागे असते, आणि त्याचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर अनेकदा नसतो. डिस्क शाबूत असते, फक्त यादी रिकामी दिसते. लॅपटॉप उत्पादकाच्या साइटवरून इंटेल आरएसटी ड्रायव्हर घेऊन, उलगडून, त्याच पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवावा. एसएसडी मेली असे समजून या टप्प्यावर नवी विकत घेणाऱ्यांबद्दल मला मनापासून हळहळ वाटते.

यंत्रात दोन डिस्का असतील तर दुसरीची केबल काढून ठेवावी. त्याने चुकीची डिस्क पुसली जाण्याचा धोका टळतो. शिवाय पेन ड्राइव्हवरची प्रणाली कधी कधी बूटचे विभाजन भलत्याच डिस्कवर ठेवते आणि महिन्यांनी ती डिस्क काढली की विंडोज उठत नाही. याच टप्प्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबल्यास काळा कमांड पडदा उघडतो. तेथे ड्राइव्हची अक्षरे नेहमीचीच असतील असे धरू नये; या प्रणालीत ‘सी’ म्हणजे वेगळेच विभाजन असू शकते. या टप्प्याच्या सुरुवातीच्या नोंदी ‘एक्स’ या रॅममधील ड्राइव्हवर असतात आणि यंत्र बंद करताच जातात.

फायली उतरल्या, यंत्र रीस्टार्ट झाले आणि पुन्हा भाषा विचारू लागले, तर बिघाड काहीच नाही. बूटक्रमात पेन ड्राइव्ह पहिला आहे, तो काढावा.

यानंतर ताबा नव्या कर्नलकडे जातो आणि येथे सर्वांत उपयोगी पडते ती पुनरावृत्तीची कसोटी. दर वेळी त्याच टक्क्यावर, त्याच संदेशाने थांबत असेल, तर दोष ठरावीक आहे : एखादा ड्रायव्हर, एखादे सेटिंग, एखादी खराब फाइल. एकदा १२ टक्क्यांवर, एकदा ६० वर, एकदा निळ्या पडद्यावर, असे दर वेळी वेगळे घडत असेल, तर सॉफ्टवेअरचा नाद सोडावा. तेव्हा रॅम, एसएसडी किंवा वीजपुरवठा संशयित ठरतो. रॅमची एकेक पट्टी लावून पाहावे, मेमटेस्ट रात्रभर चालवावे. ही कसोटी चालायची तर एका वेळी एकच बदल करावा लागतो. चार सेटिंग्ज एकदम बदलून यंत्र सुरू झालेच, तरी कशाने झाले हे कळत नाही आणि पुढच्या अपडेटला तोच दोष परत आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शेवटच्या पडद्यांवर वाय-फाय दिसले नाही तर नव्या माणसाची कोंडी होते. पुढे जायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा. मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केले की बहुधा वाट मोकळी होते. पुढे डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण राहिली, तर हार्डवेअर आयडी पाहावा. त्यातील ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. नाव कळले की ड्रायव्हर मूळ उत्पादकाकडून घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणारी पॅकेजे टाकू नयेत.

मराठीत काम करणाऱ्यांना एक दोष हमखास भेटतो आणि तो कोणत्याही त्रुटी-कोडात येत नाही. विंडोज १० पासून मंगल, कोकिला, अपराजिता हे फॉन्ट मूळ स्थापनेत नसतात. ते देवनागरीच्या पूरक फॉन्टसंचात असतात. इंग्रजी भाषा निवडून कोरी स्थापना केली की मंगलमधला मजकूर निर्मला यूआयमध्ये दिसतो. अक्षरे बरोबर असतात, पण ओळी वेगळीकडे तुटतात, तक्ते सरकतात आणि बारा पानांचा अहवाल तेरा पानांवर जातो. भाषांच्या यादीत मराठी जोडावी किंवा ऐच्छिक सुविधांतून तो फॉन्टसंच घ्यावा. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतील मजकुराचे हाल याहून वाईट. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर निव्वळ रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून पुसण्याआधी फॉन्टांचे फोल्डर उतरवून घेणे हे डीटीपीवाल्यांसाठी बॅकअपइतकेच आवश्यक आहे.

त्यांच्यापुढे आणखी एक अडचण असते. विंडोज ११ फक्त ६४ बिटी आहे. त्यावर १६ बिटी प्रोग्रॅम चालत नाहीत आणि ३२ बिटी ड्रायव्हर बसत नाहीत. त्यामुळे जुना डोंगल किंवा जुना प्रिंटर, ज्याचा ६४ बिटी ड्रायव्हर कधी निघालाच नाही, तो त्यावर थेट चालणार नाही. असे यंत्र इंटरनेटपासून तोडून जुन्या प्रणालीवरच ठेवावे आणि मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये आणावा.

दोषशोध कोठे थांबवायचा हेही ठरवावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या यादीत साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर आहेत. त्याआधीच्या यंत्रांवर तपासणी चुकवून विंडोज ११ बसवता येते, पण तेथे अपडेट मिळत राहतील याची हमी नाही. ज्या यंत्रावर पोट चालते तेथे हे करू नये. आणि प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही आज्ञाच नसेल, जशी ती कोअर २ ड्युओमध्ये नाही, तर २४एच२ या आवृत्तीपासूनची विंडोज ११ त्यावर सुरूच होत नाही.