राधेचे घर आणि मेळघाटचे मूल

चिखलदऱ्यास आलेल्या पाहुण्याला आपण प्रथम काय दाखवितो? भीमाने कीचकाला मारून जेथे लोटले असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, ती दरी. मुलांना सांगावयाची गोष्ट म्हणजे भीमाची, रामाची, नाही तर शिवाजी महाराजांची, हा आपल्याकडील संकेत फार जुना. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली ‘बालबोध’ काढले, वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ साली ‘आनंद’ सुरू केले. मराठी मुलांवर या दोघांचे ऋण मोठे आहे. तथापि त्या काळी पहिला मान शब्दाचा. चित्र मिळाले तर मिळाले.

हा संकेत ज्यांनी गाजावाजा न करता बाजूस सारला त्या माधुरी पुरंदरे. गंमत अशी की, त्या शिवशाहीर बाबासाहेब पुरंदऱ्यांच्याच कन्या! जन्म १९५२ चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या चित्रकला शिकल्या, पुढे फ्रान्सला गेल्या, पुण्यात फ्रेंच शिकविले, पिकासोचे चरित्र लिहिले. मुलांच्या पुस्तकाकडे त्या वळल्या त्या चित्रकाराचा हात आणि भाषाशिक्षिकेचा कान घेऊन.

दुसरा वारसा आईचा. निर्मलाताई पुरंदऱ्यांनी १९८१ साली ‘वनस्थळी’ संस्था काढून खेड्यांतील स्त्रियांना बालवाडी चालविण्याचे शिक्षण दिले. आणि बालवाडीचा विषय निघाला की वऱ्हाडाने ताराबाई मोडकांना विसरता कामा नये. लग्नानंतर त्या अमरावतीस राहत होत्या. तेथून राजकोट, भावनगरला गिजुभाई बधेकांची शाळा, आणि १९४५ साली बोर्डी, असा त्यांचा प्रवास झाला. लहान मूल पाहून, हाताळून, बोलून शिकते, हे त्यांनी महाराष्ट्राला पटवून दिले. चित्रपुस्तकाची भूमी अशी आधी नांगरली गेली होती.

माधुरीताईंच्या ‘राधाचं घर’ या पुस्तकांत काय आहे? राक्षस नाही, राजपुत्र नाही. राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, इतकेच. ‘यश’च्या पुस्तकांतही एका लहानग्याचे रोजचेच दिवस आहेत. शब्द त्यांचे, चित्रेही त्यांचीच. म्हणून चित्रात दिसते ते वाक्यात पुन्हा सांगण्याची त्यांना गरज पडत नाही. मोठ्यांना हे फार साधे वाटते. मुलाला मात्र आपले जगणे पुस्तकात येण्याजोगे आहे, ही बातमी नवी असते. ‘वाचू आनंदे’ या संग्रहात तर मराठी साहित्यातील वेच्यांशेजारी थोर चित्रकारांची चित्रे ठेवली आहेत. २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला, २०१६ साली टाटा ट्रस्टचा ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार. असो.

आपल्या दृष्टीने मला महत्त्वाचे वाटते ते ‘चित्रवाचन’. चित्र पाहायचे आणि त्यावर बोलायचे, एवढीच त्याची रीत. मेळघाटातले कोरकू मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या कानाला मराठी परकी असते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे अक्षर ठेवले की ते मुके होते, आणि आपण त्याला मंद म्हणून मोकळे होतो. चित्र ठेवले तर आधी ते बोलेल, आपल्या भाषेत बोलेल. गुरुजींनी ऐकावे, चार कोरकू शब्द शिकावे, मग मराठी शब्द द्यावा.

एक अडचण मात्र राहतेच. राधेचे घर शहरातले आहे. या दिवसांत पहाटेच टोपली घेऊन मोहाची फुले वेचायला निघणारी आई त्यात नाही, आणि पुण्याच्या लेखिकेकडे ती मागणे रास्तही नव्हे. तिचे चित्र काढायला हात मेळघाटातलाच हवा. त्याला कागद, रंग आणि छपाईचा खर्च अमरावती-परतवाड्याच्या मंडळींनी द्यावा.